मुद्रांकित यात्रा : प्रस्तावना

नाशिक, त्र्यंबकेश्वर अथवा पंढरपूर या क्षेत्री गेलेल्या मराठी गृहस्थास तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा परिचय सहसा असतोच. यात्रेकरूने आपले आडनाव, मूळ गाव आणि वडिलांचे-आजोबांचे नाव सांगावे, उपाध्यायांनी बासन सोडून त्याच कुळातील कोणी पुरुष कित्येक पिढ्यांपूर्वी येऊन गेल्याचा लेख काढून दाखवावा, आणि मग त्या यात्रेकरूनेही आपला लेख त्याखाली रुजू करून वही परत उपाध्यायांच्या स्वाधीन करावी, असा हा क्रम दीर्घकाळ चालत आला असून वंशावळी शोधणाऱ्या संशोधकांना या वह्यांचा मोठा आधार वाटत आला आहे. या व्यवहारात दफ्तर क्षेत्राचे असते. यात्रेकरू त्यात नोंदला जातो आणि प्रसाद घेऊन घरी परततो. जपान देशात हाच व्यवहार उलट्या दिशेने चालतो. तेथे वही यात्रेकरूची असते आणि लेख क्षेत्राचा. मंदिरातील भिक्षू किंवा देवस्थानचा लेखक त्या वहीत देवतेचे नाम कुंचल्याने लिहितो, त्यावर हिंगुळी रंगाची मुद्रा उमटवितो, आणि पाहुणा ते पान आपल्यासोबत घेऊन जातो. एवढ्या थोर स्थानाने एका सामान्य वाटसरूच्या वहीत आपली नोंद करून द्यावी, ही कल्पना मला प्रथमपासून अत्यंत उदात्त वाटत आली आहे, आणि प्रस्तुत ग्रंथ तिच्याच आकर्षणातून सिद्ध झाला आहे.

या ग्रंथात जपानातील बौद्ध मंदिरे, शिंतो देवस्थाने, वस्तुसंग्रहालये आणि किल्ले येथे पाहुण्यास मिळणाऱ्या मुद्रांचा परामर्श घेतला आहे. या मुद्रा दोन भिन्न कुळांच्या आहेत. पहिल्या कुळातील मुद्रा अधिकारी हाताने लिहिली व उमटविली जाते, तिला धार्मिक विधीचे स्थान आहे, आणि तिला तेथे गोशुइन म्हणतात. दुसऱ्या कुळातील मुद्रा म्हणजे संग्रहालयाच्या दालनाबाहेर किंवा रेल्वे स्थानकाच्या कोपऱ्यात मेजावर ठेवलेला रबरी शिक्का, जो पाहुणा स्वतःच्या हाताने, विनामूल्य, आपल्या कागदावर दाबून घेतो. पहिलीचा इतिहास अनेक शतकांचा आहे, दुसरीचा जेमतेम शंभर वर्षांचा. आणि तरीही दोहोंचा एकत्र विचार करण्याचे धाडस मी केले आहे, कारण माझ्या मते दोन्ही मुद्रा मूलतः पावत्याच आहेत. पावती ही काहीतरी दिल्यावाचून मिळू नये, असा सार्वत्रिक न्याय आहे. मग येथे पाहुण्याने काय दिले, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम गोशुइनच्या उगमापाशी जाणे प्राप्त आहे.

त्या उगमापाशी जो यात्रेकरू आपणास भेटतो, तो मुद्रा मिळविण्यासाठी निघालेला नव्हता. तो ग्रंथ अर्पण करावयास निघाला होता. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या प्रती स्वहस्ते लिहून, जपानच्या तत्कालीन 66 प्रांतांपैकी प्रत्येक प्रांतातील एकेका पवित्र स्थानी एकेक प्रत समर्पित करीत फिरणाऱ्या यात्रेकरूंचा एक वर्गच मध्ययुगात तेथे निर्माण झाला होता, आणि 'सहासष्ट भाग' अशा अर्थाच्या 'रोकुजूरोकुबु' या नावानेच तो ओळखला जाई. सूत्राची प्रत मंदिराच्या हवाली केली की मंदिराकडून तिच्या पोहोचेचा लेखी दाखला मिळे. हा दाखला आरंभी सुट्या कागदावर दिला जात असे. पुढे तोकुगावा राजवटीत यात्रेचा प्रसार सर्वसामान्य रयतेत झाला, तेव्हा असे दाखले एकत्र राखण्यासाठी वह्या प्रचारात आल्या. ज्यांना सूत्र लिहिण्याइतकी अक्षरओळख किंवा सवड नव्हती, त्यांनी देवतेसमोर सूत्राचा पाठ करून दक्षिणा ठेवावी आणि दाखला घ्यावा, अशी सवलत हळूहळू रूढ झाली. आजही शिकोकू बेटावरील मंदिरांत ज्या कचेरीत वही पुढे करावयाची, तिचे नाव 'नोक्योशो', म्हणजे सूत्रार्पणाची कचेरी असेच आहे. ग्रंथ लिहिण्याची जागा पाठाने घेतली, पाठाची जागा अनेकांच्या बाबतीत नुसत्या दर्शनाने घेतली, तरी दाखला देणाऱ्या कचेरीने आपले मूळ नाव सोडलेले नाही.

मुद्रेला प्रमाण मानण्याची वृत्ती जपानात किती पुरातन आहे, याची साक्ष फुकुओका शहराच्या संग्रहालयात ठेवलेली एक सुवर्णमुद्रा देते. 1784 साली शिकानोशिमा बेटावर सापडलेली ही मुद्रा प्रत्येक बाजूस सुमारे 2.3 सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाहून फारशी मोठी नाही, आणि वजनाने जेमतेम 108 ग्रॅम आहे. परंतु इसवी सन 57 मध्ये चीनच्या हान सम्राटाने जपानातील एका राजास जी मुद्रा दिल्याचा उल्लेख चिनी इतिहासात आहे, तीच ही, असे विद्वान मानतात. सतराव्या शतकाच्या प्रारंभी तोकुगावा शासनाने समुद्रपार व्यापारास जाणाऱ्या जहाजांना जे परवाने दिले, त्यांवरही तांबडी मुद्रा असे आणि त्या जहाजांना लोक तिच्याच नावाने ओळखीत. आपल्याकडे आरमाराच्या दस्तकावाचून गलबताने कोकण किनाऱ्याने जाऊ नये असा जो अंमल होता, त्याची येथे सहज आठवण होते. शिवकालीन किंवा पेशवेकालीन पत्राच्या शिरोभागी शिक्का आणि अखेरीस मोर्तब असल्यावाचून ते पत्र अस्सल मानू नये, हे ज्याला मोडी दफ्तराच्या अभ्यासामुळे ठाऊक आहे, त्याला गोशुइनचे मर्म समजावून सांगण्याची फारशी गरज पडणार नाही.

आता प्रत्यक्ष त्या पानाकडे वळू. वही घडीची असते. 'वाशी' या जाड जपानी कागदाची एकच लांब पट्टी पंख्यासारख्या घड्या घालून दुमडलेली, आणि दोन्ही टोकांना पुठ्ठ्यावर किनखाबासारखे वस्त्र चढविलेले. आकार बहुधा 16 सेंटिमीटर उंच व 11 सेंटिमीटर रुंद, किंवा 18 व 12. लिहिणारा ही वही दोन्ही हातांनी घेतो, उघडतो, आणि चिनी लिपीच्या रीतीप्रमाणे उजवीकडून आरंभ करतो. उजव्या कडेला 'भक्तिपूर्वक वंदन केले' या आशयाची दोन अक्षरे आणि त्यांच्याजवळ दिनांक येतो. हा दिनांक सम्राटाच्या राजवटीच्या वर्षाने मोजलेला असतो, जसा आपल्या जुन्या कागदांत राज्याभिषेक शक. मध्यभागी, इतर सर्व अक्षरांहून मोठ्या आकारात, त्या मंदिराच्या प्रधान देवतेचे किंवा ती जेथे विराजते त्या सभामंडपाचे नाव; डाव्या कडेला मंदिराचे नाव. त्यावर तीन ठिकाणी मुद्रा उमटतात: उजवीकडे वर यात्रामालिकेतील त्या मंदिराचा अनुक्रमांक सांगणारी लहान, डावीकडे खाली मंदिराची स्वतःची, आणि मध्ये, ओल्या काळ्या शाईच्या अक्षरांशी मिसळून गेलेली, सर्वांत मोठी. हिची शाई परंपरेने हिंगुळाची. हिंगूळ खलून एरंडेलासारख्या तेलात आणि वनस्पतीच्या तंतूंत मुरवून ती सिद्ध करीत. पान वाळण्यापूर्वी वही मिटली तर समोरच्या पानावर डाग पडेल, म्हणून लिहिणारा मध्ये एक पातळ कागद ठेवून वही परत करतो.

लेखाचा मजकूर मंदिरागणिक बदलतो, आणि या बदलांतच संग्राहकाचे खरे शिक्षण आहे. नारा येथील तोदाइजी मंदिरात, जेथे 752 साली बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते वैरोचन बुद्धाच्या प्रचंड कांस्यमूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, महाबुद्धाच्या मंडपाच्या पानावर 'केगोन' म्हणजे अवतंसक ही दोन अक्षरे लिहून मिळतात. कारण त्या सूत्राच्या तत्त्वज्ञानावरच ते मंदिर उभे आहे. होर्युजी मंदिरात देवतेचे नाव न लिहिता राजपुत्र शोतोकु याच्या सतरा कलमी संविधानाच्या पहिल्या कलमातील सामंजस्याचे वचन लिहिण्याचा प्रघात आहे. इसे येथील महादेवस्थानात यांपैकी काहीच नसते. तेथील पानावर केवळ मुद्रा आणि दिनांक, बाकी कागद कोरा. अनेक वर्षे या पानांच्या सहवासात राहिल्यावर माझे असे मत झाले आहे की इसेच्या त्या पानाइतके गंभीर पान साऱ्या संग्रहात दुसरे नाही.

मराठी वाचकास या पानांवर एक अनपेक्षित ओळख भेटते, आणि तिच्यासाठी मी या प्रस्तावनेत थोडी अधिक जागा घेत आहे. शिंगोन व तेंदाई संप्रदायांच्या मंदिरांत मधल्या मुद्रेत पुष्कळदा एकच अक्षर कोरलेले असते, आणि ते चिनी नसून संस्कृताचे असते. शिंगोन संप्रदायाचा संस्थापक कूकाई (774–835) हा 804 साली चीनला गेला, छांगआन नगरीत त्याने नालंदेत अध्ययन केलेल्या प्रज्ञ नामक आचार्याचा सहवास मिळविला, आणि 806 साली परतताना मंत्रग्रंथांबरोबर सिद्धम् लिपीही आणली. गुप्तकालीन ब्राह्मीपासून निघालेली ही लिपी आपल्या देवनागरीची निकटची आप्त आहे. भारतात ती व्यवहारातून केव्हाच लुप्त झाली; जपानात बीजाक्षरांच्या लेखनासाठी ती आजतागायत जिवंत आहे. अमिताभाच्या मुद्रेत 'ह्रीः', भैषज्यगुरूच्या मुद्रेत 'भै', मंजुश्रीच्या मुद्रेत 'मं', अचलाच्या मुद्रेत 'हां', आणि गर्भधातूतील वैरोचनाच्या मुद्रेत वर्णमालेचे आद्याक्षर 'अ'. जपानी उच्चारात 'ह्रीः'चे 'किरीकु' होते, आणि कानाने ते ओळखू येणे कठीणच. परंतु डोळ्यांनी एकदा ती वळणे ओळखली की 'ह'ची ती गाठ आणि विसर्गाचे ते दोन बिंदू लपून राहत नाहीत. शेकडो योजने दूर, परक्या भाषेच्या अक्षरांच्या दाटीत, आपल्या मुंजीतल्या गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतलेल्या वर्णांचा एखादा सगोत्र बंधू हिंगुळात न्हालेला दिसावा, याचे मोल शब्दांत सांगणे मला आजही साधत नाही.

हा संबंध केवळ लिपीचा नाही. साइगोकू येथील 33 मंदिरांची यात्रा कान्नोन या देवतेची आहे, आणि कान्नोन म्हणजे आपल्या लेण्यांतील अवलोकितेश्वर. त्या मालिकेतील आठवे मंदिर हासेदेरा. तेथे दहा मीटरांहून उंच असा एकादशमुख कान्नोन उभा आहे. मुंबईजवळच्या कान्हेरीतील 41 व्या लेण्यात तोच एकादशमुख अवलोकितेश्वर पाषाणात कोरलेला असून भारतातील या रूपाचे ते अत्यंत दुर्मीळ शिल्प आहे. ज्याने हासेदेराचे पान वहीत घेतले असेल, त्याने बोरिवलीच्या रानातील ते लेणेही पाहून यावे. दोहोंतील अंतर नकाशावर जेवढे दिसते तेवढे नाही.

यात्रांच्या मालिकांत शिकोकूची 88 मंदिरांची परिक्रमा सर्वांत प्रसिद्ध. ती सुमारे 1200 किलोमीटरांची असून कूकाईच्या स्मरणार्थ केली जाते. तिचे पहिले मंदिर र्योझेन्जी, ज्याच्या नावात राजगृहाजवळच्या गृध्रकूट पर्वताचे स्मरण आहे, आणि अखेरचे ओकुबोजी, जेथे पोहोचल्यावर पुष्कळ यात्रेकरू आपली काठी ठेवून देतात. प्रत्येक मंदिरात मुख्य मंडपापुढे आणि कूकाईच्या मंडपापुढे प्रज्ञापारमिताहृदय सूत्राचा पाठ करावा, स्वतःच्या नावाची चिठ्ठी पेटीत टाकावी, आणि त्यानंतरच वही घेऊन कचेरीत जावे, असा शिरस्ता आहे. दक्षिणा दीर्घकाळ 300 येन होती. 2024 च्या एप्रिलपासून ती 500 येन झाली. काही यात्रेकरू वहीऐवजी पांढऱ्या अंगरख्यावर मुद्रा घेतात, आणि तो अंगरखा त्यांच्या अंत्ययात्रेत त्यांच्या अंगावर घातला जातो. वह्याही पुष्कळदा मृताबरोबर शवपेटिकेत ठेवल्या जातात.

या परिक्रमेतील एक रीत संग्राहकाच्या स्वाभाविक वृत्तीच्या इतकी विरुद्ध आहे की तिचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. जो यात्रेकरू दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा किंवा विसाव्यांदा परिक्रमा करतो, तो नवी वही घेत नाही. जुन्याच पानावर पुन्हा मुद्रा उमटवून घेतो; शाईचे अक्षर पुन्हा लिहिले जात नाही, फक्त तांबड्या मुद्रांची भर पडते. प्रत्येक फेरीगणिक पान अधिकाधिक तांबडे होत जाते, मुद्रांच्या रेषा एकमेकींत मिसळतात, आणि ज्याने आयुष्यभर ही वाट चालली त्याच्या वहीत अखेरीस ना अनुक्रमांक वाचता येतो ना मंदिराचे नाव. संग्राहक स्वच्छ, सुवाच्य, निष्कलंक ठसा शोधीत असतो. येथे मात्र ठसा जितका अवाच्य तितका यात्रेकरू थोर. या ग्रंथातील चित्रपृष्ठांसाठी पाने निवडताना मी स्वच्छ ठसे निवडले आहेत, कारण वाचकास तपशील दिसणे अवश्य होते; परंतु खऱ्या वह्यांचे सौंदर्य निराळे असते हे त्याने ध्यानी ठेवावे.

आता दुसऱ्या कुळाकडे. स्मरणशिक्क्यांचा प्रसार होण्यास एका क्षुद्र वाटणाऱ्या साधनाची सोय कारणीभूत झाली असावी, असे मला वाटते. शाईची गादी पूर्वी लवकर सुकत असे आणि दर वेळी तिला शाई पाजावी लागे. 1925 साली नागोया येथे न सुकणारी गादी विकण्यास काढून एक व्यवसाय सुरू झाला, जो पुढे शाचिहाता या नावाने प्रसिद्धीस आला. सार्वजनिक मेजावर बेवारस ठेवता येईल असा शिक्का अशा गादीवाचून चालणे कठीण. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1931 च्या मे महिन्यात, फुकुई रेल्वे स्थानकात उतारूंसाठी स्मरणशिक्का ठेवण्यात आला. रेल्वे स्थानकांतील अशा शिक्क्यांचा आरंभ येथून मानतात, आणि लक्षणीय गोष्ट अशी की त्या शिक्क्यावर चित्र होते जवळच्या एइहेइजी या झेन मठाचे. म्हणजे लौकिक शिक्का जन्मला तोच मंदिराच्या वाटेवर. त्याच वर्षी जुलैमध्ये फुजी पर्वतावरील टपाल कचेऱ्यांत देखाव्याचे चित्र असलेली तारीखमुद्रा प्रथम वापरात आली. फुजीची वारी करणारे लोक वाटेतील विश्रांतिगृहांत आपल्या काठीवर तापल्या लोखंडाने डाग उमटवून घेतात, आणि टपाल खात्याची ती मुद्रा त्याच पर्वतावर अवतरली. पुढे 1970 साली राष्ट्रीय रेल्वेने देशदर्शनाची मोठी मोहीम काढली आणि सुमारे 1400 स्थानकांत शिक्के ठेवले. तेव्हापासून मुलाबाळांच्या हाती शिक्क्यांची वही ही प्रवासाची नित्य सामग्री झाली.

किल्ल्यांच्या शिक्क्यांची हकीकत अधिक अलीकडची. जपानच्या किल्ल्यांविषयी कार्य करणाऱ्या एका संस्थेने 2006 साली शंभर श्रेष्ठ किल्ले निवडले आणि पुढील वर्षापासून त्या शंभरांतील प्रत्येक ठिकाणी एक शिक्का ठेविला. पहिला क्रमांक उत्तरेस होक्काइदो येथील आयनू लोकांच्या तटबंद जागांचा, 59 वा हिमेजीचा, आणि शंभरावा ओकिनावा बेटावरील शुरी किल्ल्याचा. शुरीच्या मुख्य प्रासादास 31 ऑक्टोबर 2019 च्या पहाटे आग लागून तो भस्मसात झाला. ज्यांच्या वहीत त्यापूर्वीचा ठसा आहे, त्यांच्या हाती एका नष्ट वास्तूचा दिनांकित पुरावा राहिला, ही गोष्ट छंदास पोरकट समजणाऱ्यांनी विचारात घ्यावी.

वस्तुसंग्रहालयांतील शिक्के मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहेत, आणि त्याचे कारण असे की त्यांत निवड आहे. मंदिरास देवता एक असते, तेव्हा मुद्रेत काय कोरावे हा प्रश्न तेथे पडत नाही. संग्रहालयात हजारो वस्तू असतात. त्यांतून एकच वस्तू उचलून तिची बाह्यरेषा तीनचार सेंटिमीटरांच्या रबरावर उतरवावयाची, तर कोणाला तरी निर्णय करावा लागतो, आणि त्या निर्णयात त्या संस्थेची स्वतःविषयीची समजूत प्रकट होते. काही संग्रहालयांत दालनागणिक एकेक शिक्का वेगवेगळ्या रंगाचा ठेवलेला असतो आणि एकाच कागदावर ते क्रमाने दाबीत गेल्यास शेवटच्या मेजाशी संपूर्ण रंगीत चित्र सिद्ध होते. लाकडी ठशांची रंगीत चित्रे कशी छापीत, प्रत्येक रंगास स्वतंत्र ठसा कसा लागे आणि तो नेमका जागेवर बसविण्यासाठी केवढी दक्षता घ्यावी लागे, हे दहा फलक वाचून जेवढे कळणार नाही तेवढे लहान मुलास त्या कागदावरून कळते. याच्या उलट जेथे केवळ संस्थेचे नाव आणि इमारतीची दर्शनी बाजू कोरून काम भागविले आहे, असे शिक्केही पुष्कळ आहेत; ते मी या ग्रंथात घेतले नाहीत.

तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात होर्युजी मंदिराकडून राजघराण्यामार्फत आलेल्या ठेव्यासाठी स्वतंत्र वास्तू आहे, आणि त्या ठेव्यात सिद्धम् लिपीत तालपत्रावर लिहिलेले प्रज्ञापारमिताहृदय सूत्राचे एक अतिप्राचीन हस्तलिखित आहे, ज्याचे संपादन माक्स म्युलर याने 1884 साली प्रसिद्ध केले. शिकोकूच्या वाटेवर ज्या सूत्राचा पाठ करून मुद्रा घ्यावयाची ते सूत्र, आणि मुद्रेत जी लिपी कोरलेली असते ती लिपी, ही दोन्ही त्या एका तालपत्रावर एकत्र आहेत. मंदिरांचे शिक्के व संग्रहालयांचे शिक्के एकाच ग्रंथात का घेतले, असे जे विचारतात त्यांना मी त्या तालपत्राकडे बोट दाखवितो.

या छंदास दूषण देणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अनादर करण्यासारखे नाही. शिनरान या आचार्याच्या परंपरेतील जोदो शिन्शू संप्रदायाची मंदिरे सामान्यतः गोशुइन देतच नाहीत. अमिताभाच्या करुणेवर विश्वास ठेवणाऱ्याने पुण्याचे दाखले जमवू नयेत, असा त्यांचा विचार, आणि तो त्यांच्या सिद्धांताशी पूर्ण सुसंगत आहे. निराळ्या प्रकारचे दूषण 2019 साली उघड झाले. त्या वर्षीच्या 1 मे रोजी नव्या सम्राटाची राजवट सुरू झाली, आणि पहिल्या दिवसाचा दिनांक असलेली मुद्रा मिळावी म्हणून तोक्योतील मेइजी जिंगू देवस्थानात लोक दहा-दहा तास रांगेत उभे राहिले. रांगेत उभे राहणाऱ्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचा मला अधिकार नाही. परंतु विशेष दिवसांच्या अशा मुद्रा लगोलग विक्रीस निघतात, आणि ज्याने ते क्षेत्र कधी पाहिले नाही तो मनुष्य घरबसल्या ती विकत घेतो, हे मात्र निःसंदिग्धपणे निंद्य आहे. दर्शनावाचून मिळविलेली मुद्रा ही खोटी पावती होय. माल पोहोचला नसता पोहोच दिल्याचे लिहून घेणे याला जुन्या दफ्तरात जे नाव होते तेच येथेही लागू पडेल.

आणि आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. प्राचीन यात्रेकरूने सूत्राची प्रत दिली, नंतरच्याने पाठ दिला; आजचा पाहुणा, मग तो मंदिरात असो वा संग्रहालयात, आपले लक्ष देतो. ज्या वस्तूचा शिक्का घ्यावयाचा त्या वस्तूसमोर घटकाभर उभे राहणे, ती कोठून आली व कोणी घडविली हे वाचणे, तिची एखादी बाजू अशी पाहणे की ती घरी गेल्यावरही डोळ्यांपुढे आणता यावी, एवढे ज्याने केले त्याने आपला हिस्सा चुकता केला. शिक्का प्रवेशद्वाराशी न ठेवता दालनाच्या शेवटी ठेवण्याची जी रीत काही संग्रहालयांनी पत्करली आहे, तिची मी मनःपूर्वक प्रशंसा करतो.

शिष्टाचाराविषयी दोन शब्द. गोशुइनच्या वहीत स्थानकाचा किंवा संग्रहालयाचा शिक्का घेऊ नये. अशी मिश्र वही पाहून काही मंदिरे लिहून देण्यास नकार देतात, आणि तो नकार रास्त आहे. दोन कुळांसाठी दोन वह्या ठेवाव्या. लिहिणाऱ्याची छायाचित्रे न विचारता काढू नयेत, तो लिहीत असताना बोलू नये, आणि गर्दीमुळे वहीत न लिहिता आधीच लिहिलेला सुटा कागद मिळाला तर तो तितक्याच आदराने स्वीकारावा.

इतर देशांतही अशा रीती आहेत. स्पेनमध्ये सांतिआगोच्या यात्रेकरूस वाटेतील चर्चे व धर्मशाळा यांचे शिक्के एका पुस्तिकेत घ्यावे लागतात, आणि अखेरचे किमान 100 किलोमीटर तो चालून आल्याची खातरजमा त्यांवरूनच होते. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांसाठी 1986 पासून अशी पुस्तिका निघाली. चीन व तैवान येथील संग्रहालयांत तर तरुण पिढीने हा छंद मोठ्या हौसेने उचलला आहे. त्यांचा विचार स्वतंत्र ग्रंथाचा विषय असल्यामुळे येथे केवळ निर्देश करून थांबतो.

राहता राहिली आपल्या महाराष्ट्राची गोष्ट. तोक्यो संग्रहालयाचा आरंभ ज्या प्रदर्शनापासून मोजतात ते 1872 साली भरले, आणि भायखळ्याचे संग्रहालय, जे आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, तेही 1872 सालीच लोकांस खुले झाले. वयाने आपण कोठेही मागे नाही. 2025 च्या जुलैमध्ये साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळ मुलखातील जिंजी या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला. या दुर्गांच्या तटांवर आणि लेण्यांच्या भिंतींवर खिळ्याने, कोळशाने, रंगाने आपली नावे लिहून ठेवणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. मी येथे आलो होतो याचा पुरावा असावा, ही मानवी इच्छा मुळात वाईट नाही. तिला दगडाची जागा न देता कागदाची जागा द्यावी, एवढीच तजवीज करणे आहे. संग्रहालयांचे अभिरक्षक, पुरातत्त्व खात्याचे अधिकारी आणि दुर्गप्रेमी मंडळे यांना माझी आग्रहाची विनंती आहे की प्रत्येक गडाच्या पायथ्याशी किंवा माथ्यावरील चौकीत एक मेज, एक शाईची गादी आणि विचारपूर्वक कोरलेला एक शिक्का ठेवावा. शिक्क्यावर गडाचे नाव मोडीत व देवनागरीत असावे, चित्र त्या गडाच्याच एखाद्या विशेषाचे असावे, आणि बारा पानांची एक साधी वही अल्प किमतीत तेथेच मिळावी. अशा शिक्क्यांची रेखाटने करून देण्यास मी सिद्ध आहे, आणि ज्या संस्थेस त्यांची गरज असेल तिने प्रकाशकांमार्फत कळवावे.